सहा पॉइंट, दोन वर्षं आणि मिस्टरांच्या नावानं आलेलं पत्र

प्रश्न : अडीच वर्षांपूर्वी मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इंग्लंडला, रेडिंगमध्ये आलो. पहिलं वर्ष मी पुण्याच्या लायसन्सवरच गाडी चालवली. तेव्हा तिसऱ्या महिन्यात ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर ४४ने जाताना कॅमेऱ्यात सापडले. १०० पौंड दंड भरला, माझ्या नावावर ३ पेनल्टी पॉइंट पडले. पुढे इथलं प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स काढलं, टेस्ट पास झाले. त्याला आता १४ महिने झाले. गेल्या आठवड्यात मिस्टरांच्या नावानं पोलिसांचं पत्र आलं: ३०च्या रस्त्यावर ३७. गाडी त्यांच्या नावावर आहे, पण चालवत मी होते. माझे दीर म्हणतात, नव्या ड्रायव्हरचं लायसन्स ६ पॉइंटांना रद्द होतं, तेव्हा दादाचं नाव टाका. त्याचं लायसन्स कोरं आहे, ३ पॉइंटांनी त्याचं काही बिघडत नाही. मुलीची शाळा आणि माझी नोकरी, दोन्ही गाडीवर आहेत. काय करू? – एक वाचक, रेडिंग

उत्तर : तुमच्या दिरांना नियम बरोबर माहीत आहे. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय मात्र तुम्हा दोघांनाही तुरुंगात नेऊ शकतो. आणि तुमच्या बाबतीत त्याची गरजही दिसत नाही. ३०च्या रस्त्यावर ३७ असा वेग असेल तर इंग्लंडमध्ये बहुतेक वेळा पॉइंटांऐवजी वेगाबद्दल जागरूक करणाऱ्या कोर्सचा पर्याय मिळतो आणि कोर्स पूर्ण केला की एकही पॉइंट पडत नाही. पण तो पर्याय तुमच्यापर्यंत पोचायचा तर आत्ता हातात असलेलं पत्र खरं आणि वेळेत भरून जायला हवं.

त्या पाकिटात दोन गोष्टी आहेत. एक, खटला भरण्याचा विचार असल्याची सूचना. इथे तिला सगळे एनआयपी म्हणतात. दुसरी, रस्ते वाहतूक कायद्याच्या सेक्शन १७२खालची मागणी: त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते कळवा. एनआयपी गुन्ह्याच्या तारखेपासून १४ दिवसांत नोंदणीकृत कीपरच्या पत्त्यावर, म्हणजे तुमच्या मिस्टरांकडे, पोचायला हवी. पत्रावरची गुन्ह्याची तारीख आणि ते घरी आलं ती तारीख, दोन्ही ताडून पाहा. पण एक समज आधीच दूर करतो. ही १४ दिवसांची अट फक्त कीपरला गेलेल्या पहिल्या पत्राला लागू आहे. मिस्टरांनी तुमचं नाव कळवल्यावर तुमच्या नावानं जे पत्र येईल ते महिन्याभरानं आलं तरी वैध असतं. ‘माझं पत्र उशिरा आलं, आता केस उभी राहत नाही’ असं समजून ते बाजूला ठेवणारे बरेच जण इथेच फसतात. घर बदलल्यावर लॉगबुकवरचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) पत्ता बदलला नाही, म्हणून पत्र जुन्या घरी गेलं, ही सबबही चालत नाही.

पत्र मिळाल्यापासून उत्तर द्यायला २८ दिवस असतात. फॉर्म मिस्टरांच्या नावानं आहे, तेव्हा तो त्यांनीच भरायचा आणि त्यांनीच सही करायची. ‘मी चालवत होतो’ या भागात काहीही न लिहिता दुसऱ्या भागात तुमचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख आणि असेल तिथे लायसन्स नंबर लिहायचा. ‘चालवत मीच होते’ म्हणून त्यांच्या फॉर्मवर तुम्ही स्वतः सही करून पाठवू नका. मागणी त्यांच्याकडे आहे, उत्तरही त्यांचंच लागतं. पत्रात ऑनलाइन उत्तराची सोय दिली असेल तर ती वापरा आणि शेवटी येणाऱ्या पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा. पोस्टानं पाठवणार असाल तर भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा आणि पोस्टाच्या काउंटरवर पाठवल्याचा पुरावा मागून घ्या. तो फुकट मिळतो. कॅमेऱ्याचे फोटो पाहायला मागता येतात, अवश्य मागा, पण त्यासाठी २८ दिवसांचं घड्याळ थांबत नाही.

उत्तरच दिलं नाही तर? तो स्वतंत्र गुन्हा आहे, कोड एमएस९०. त्याला थेट ६ पॉइंट आणि १,००० पौंडांपर्यंत दंड. इथे दिरांच्या लक्षात न आलेली एक गोष्ट आहे. तुम्ही दोघं बरोबरच आलात. मिस्टरांनीही इथली टेस्ट गेल्या दोन वर्षांत पास केली असेल तर तेही अजून नवे ड्रायव्हरच आहेत, आणि एका अनुत्तरित पत्राचे ६ पॉइंट त्यांचं कोरं लायसन्स घालवायला पुरेसे आहेत.

आता नाव बदलण्याविषयी. वेगमर्यादा मोडणं आणि पोलिसांना खोटा ड्रायव्हर सांगणं, या दोन गुन्ह्यांची जातच वेगळी आहे. दुसऱ्याला इथला कायदा न्यायाच्या कामात अडथळा आणणं समजतो आणि त्याला कमाल शिक्षा जन्मठेपेची आहे. प्रत्यक्षात शिक्षा महिन्यांत होते, पण तुरुंगवास होतो. क्रिस ह्यून हे ब्रिटनचे ऊर्जामंत्री होते. २००३ मध्ये त्यांची गाडी वेगात सापडली आणि पॉइंट त्यांच्या तेव्हाच्या पत्नी, अर्थतज्ज्ञ विकी प्राइस, यांनी आपल्या नावावर घेतले. लग्न मोडल्यावर प्रकरण बाहेर आलं आणि मार्च २०१३ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी, दोघांनाही प्रत्येकी ८ महिन्यांची शिक्षा झाली. पॉइंट घेणाराही सुटत नाही आणि देणाराही. तुमच्या कुटुंबासाठी यात आणखी एक धोका आहे. तुरुंगवासाची शिक्षा झाली की व्हिसा, आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी), पुढे नागरिकत्व, सगळ्यांवर टांगती तलवार येते. तीन पॉइंटांसाठी घरातल्या दोघांचं इथलं राहणं पणाला लावू नका. दिरांनाही हे शांतपणे सांगा. मदत करण्याच्या भावनेनं बोलले असतील, पण तसा मेसेज फोनवर लिहून पाठवला असेल तर तोही पुरावाच ठरतो.

मिस्टरांनी तुमचं नाव कळवलं की तुमच्या नावानं पत्र येईल. त्यातही २८ दिवस. तुम्ही चालक असल्याचं मान्य करून ते परत पाठवायचं. त्यानंतर पोलीस ठरवतात: कोर्स, फिक्स्ड पेनल्टी (कोर्टाबाहेरच १०० पौंड आणि ३ पॉइंट) की कोर्ट. इंग्लंड-वेल्समधले पोलीस जी मार्गदर्शक पट्टी वापरतात तिच्यात ३०च्या रस्त्यावर ३५ ते ४२ या वेगाला कोर्स देता येतो. ४३पासून ४९पर्यंत फिक्स्ड पेनल्टी आणि ५०पासून पुढे कोर्ट. तुमच्या पहिल्या वेळी ४४ होते, म्हणूनच तेव्हा कोर्स मिळाला नसणार. ४०च्या रस्त्यावर कोर्सची पट्टी ४६ ते ५३ आहे, मोटरवेच्या ७०ला ७९ ते ८६. दुसरी अट अशी की मागच्या तीन वर्षांत असा कोर्स केलेला नसावा. तुम्ही तो केलेला नाही. आधीचे ३ पॉइंट कोर्सच्या आड येत नाहीत. तेव्हा तुम्हाला कोर्स मिळण्याची शक्यता चांगली आहे. तो हक्क मात्र नाही, पोलिसांच्या मर्जीवर आहे, आणि उत्तरं रेंगाळली तर हातचा जातो. कारण असं की वेगाची केस पोलिसांना सहा महिन्यांच्या आत कोर्टात दाखल करावी लागते, म्हणून कोर्स पूर्ण करायची मुदत त्याच्या आधी संपवलेली असते. दोघांनीही २८व्या दिवसापर्यंत थांबून फॉर्म पाठवले तर जवळजवळ दोन महिने पत्रव्यवहारातच जातात.

कोर्सच्या पत्रात फिक्स्ड पेनल्टीचाही पर्याय छापलेला असू शकतो. तिथे नीट वाचा. घाईनं १०० पौंड भरून टाकले की तुम्ही पॉइंट स्वीकारले असा अर्थ होतो आणि ३ अधिक ३ मिळून सहा होतात. आपल्याकडे ई-चलान भरलं की विषय संपतो, त्या सवयीनं इथे लोक पैसे भरून मोकळे होतात आणि महिन्याभरानं लायसन्स रद्द झाल्याचं पत्र येतं. कोर्सची फी भागाप्रमाणे थोडी बदलते, साधारण ८० ते १०० पौंड धरून चाला. वेळ अडीच-तीन तास. ऑनलाइन करणार असाल तर शांत खोली, चालू कॅमेरा, पूर्ण वेळ हजेरी. ठरलेल्या वेळेनंतर आलेल्यांना घेत नाहीत. मधेच उठून मुलीला शाळेतून आणायला गेलात तर कोर्स अपूर्ण धरला जातो आणि प्रकरण पुन्हा पोलिसांकडे जातं. शेवटी परीक्षा नसते. भाग घेतला, प्रश्नांना उत्तरं दिली की झालं.

कोर्स मिळालाच नाही, तर काय होईल तेही स्पष्ट सांगतो. नव्या ड्रायव्हरांचा नियम १९९५च्या कायद्यातला आहे. टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत घडलेल्या गुन्ह्यामुळे एकूण ६ किंवा जास्त पॉइंट झाले की डीव्हीएलए, म्हणजे लायसन्स देणारं सरकारी खातं, लायसन्स रद्द करतं. त्यात टेस्टच्या आधी पडलेले पॉइंटही मोजतात. तुमचे पहिले ३ पॉइंट भारतीय लायसन्सवर चालवताना पडले असले तरी डीव्हीएलएनं तुमच्या नावाची नोंद तेव्हाच उघडली, आणि प्रोव्हिजनल काढल्यावर ते पॉइंट तिथे आले. खात्री करायची तर सरकारी वेबसाइटवर लायसन्स नंबर, नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि पोस्टकोड घालून आपली नोंद पाहा. फोटोकार्डावर पॉइंट छापलेले नसतात, म्हणून कार्ड कोरं दिसतं यावर जाऊ नका. त्या नोंदीत पहिल्या गुन्ह्याची तारीख लिहून घ्या. दंड भरल्याची नको, गुन्ह्याची. पॉइंट नोंदीवर ४ वर्षं दिसतात, पण बेरजेत धरताना दोन गुन्ह्यांमधलं अंतर ३ वर्षांच्या आत आहे का ते पाहतात. तुमच्या हिशोबानं ते सव्वादोन वर्षं येतं, म्हणजे आतच आहे.

‘कोर्टात जाऊन अडचण सांगते’ असा विचार मनात येईल. १२ पॉइंटांवर होणाऱ्या बंदीत असाधारण हालअपेष्टांचा मुद्दा मांडता येतो. या रद्दीकरणात तो चालत नाही, कारण लायसन्स कोर्ट रद्द करत नाही, बेरीज सहावर गेली की डीव्हीएलए आपोआप करतं. पॉइंट देऊ नका, त्याऐवजी थोड्या दिवसांची बंदी घाला, अशी विनंती काही वकील करतात, कारण बंदीत पॉइंट पडत नाहीत. पण मॅजिस्ट्रेटांच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलं आहे की नव्या ड्रायव्हरला पुन्हा टेस्ट देण्यापासून वाचवण्यासाठी असं करणं सर्वसाधारणपणे योग्य नाही. त्या आशेवर फिक्स्ड पेनल्टी नाकारू नका. कोर्टात गुन्हा सिद्ध झाला तर ३७च्या वेगाला साधारण आठवड्याच्या पगाराच्या निम्मा दंड, वर सरचार्ज आणि खटल्याचा खर्च. शिवाय फिक्स्ड पेनल्टी म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे, कोर्टाचा दंड म्हणजे मात्र गुन्हा सिद्ध होणं, आणि व्हिसाच्या फॉर्मात तो लिहावा लागतो. फोटोत तुमची गाडीच नसेल किंवा वेगाचा फलक खरोखर चुकीचा असेल, असं काही ठोस हाती असलं तरच कोर्टाचा रस्ता धरा. ३०च्या फलकाबद्दल एक लक्षात असू द्या: दिव्याचे खांब २०० यार्डांच्या आत एकामागोमाग असले तर वेगळा फलक नसतानाही तो रस्ता ३०चाच असतो (वेल्समध्ये सप्टेंबर २०२३पासून २०चा). ‘फलक दिसला नाही’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही.

लायसन्स रद्द झालं तर पत्रातल्या तारखेपासून तुम्ही पुन्हा शिकाऊ. प्रोव्हिजनलसाठी अर्ज, २३ पौंडांची थिअरी, ६२ पौंडांची प्रॅक्टिकल, दोन्ही नव्यानं. पैशांपेक्षा प्रॅक्टिकलची तारीख मिळायला लागणारे महिने जास्त जाचतात, म्हणून थिअरी लगेच उरकायची. गाडीला पुढे-मागे एलच्या पाट्या, शेजारी २१ वर्षांवरचा माणूस, ज्याच्याकडे तीन वर्षं पूर्ण लायसन्स आहे. ही तीन वर्षं ब्रिटनच्या किंवा युरोपातल्या लायसन्सची. भारतातली धरत नाहीत. मिस्टर अडीच वर्षांपूर्वी आले, तेव्हा त्यांच्याकडे आधीपासून असं लायसन्स नसेल तर तुमच्या शेजारी बसायला ते चालणार नाहीत. आणि पुण्याचं लायसन्स बाहेर काढायचा विचारही करू नका. भारतीय लायसन्सवर इथे रहिवासी झाल्यापासून १२ महिनेच चालवता येतं, ते कधीच संपले. त्यावर गाडी काढली तर विनालायसन्स आणि विनाइन्शुरन्स, दोन्ही गुन्हे लागतात. विनाइन्शुरन्सला एकट्यालाच ६ ते ८ पॉइंट, आणि गाडी जागेवर जप्त. दिलासा एवढाच की पुन्हा पास झाल्यावर दोन वर्षांचा प्रोबेशनचा काळ नव्यानं सुरू होत नाही. जुने पॉइंट मात्र राहतात.

आता समजा कोर्स मिळाला आणि तुम्ही केला. तुमच्या नोंदीवर ३च पॉइंट राहतील, पण प्रोबेशन संपायला दहा महिने आहेत आणि पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षं व्हायला नऊएक. तोवर एकही किरकोळ गुन्हा परवडणारा नाही, आणि दुसऱ्यांदा कोर्सही मिळणार नाही. सर्वांत दुर्लक्षित गोष्ट टायर. रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात, पूर्ण घेरात, किमान १.६ मिमी खाच हवी. गुळगुळीत टायरला ३ पॉइंट, आणि ते प्रत्येक टायरमागे. तुमच्यासाठी एक टायर पुरे. २० पेन्सचं नाणं खाचेत उभं घाला. नाण्याची उंच कड बाहेर दिसली तर टायर तपासून घ्या. प्रत्येक टायरवर तीन-चार ठिकाणी पाहा, कारण चाकं वाकडी बसली असतील तर आतली बाजू आधी झिजते आणि उभ्यानं पाहताना ती दिसत नाही.

फोन हातात धरला तर २०० पौंड आणि ६ पॉइंट. मार्च २०२२पासून सिग्नलला उभं असताना फोटो काढणं, गाणं बदलणं, काहीही चालत नाही. नकाशा हवा तर फोन स्टँडमध्ये, आणि पत्ता गाडी सुरू करण्यापूर्वी घालायचा. वेगाचं म्हणाल तर मैल आणि किलोमीटरची गफलत डोक्यातून जायला वेळ लागतो: ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर, ३७ म्हणजे जवळजवळ ६०. पुण्यात रिकाम्या रस्त्यावर साठ जाणवत नाही, इथे तोच गुन्हा ठरतो. गाडीत स्पीड लिमिटर असेल तर वस्तीत शिरताना तो ३०वर लावायची सवय करा.

शेवटी इन्शुरन्स. कंपन्या सहसा मागच्या पाच वर्षांतले पॉइंट विचारतात. पहिल्या ३ पॉइंटांचा कोड एसपी३० आहे. गाडीच्या पॉलिसीत तुम्ही नेम्ड ड्रायव्हर (मुख्य चालकाखेरीज नाव घातलेला चालक) असाल तर तो तिथे लिहिलेला आहे का, हे आजच कागद काढून पाहा. लिहिला नसेल तर कंपनीला फोन करून कळवा. हप्ता थोडा वाढेल. न कळवता अपघात झाला तर पॉलिसी रद्द ठरवली जाऊ शकते. कोर्सचं वेगळं आहे: त्यानं पॉइंट पडत नाहीत, म्हणून काही कंपन्या तो विचारत नाहीत, काही विचारतात. न विचारता सांगायची सक्ती नाही, पण विचारलं तर खरं सांगावं लागतं. हा फोन आणि मिस्टरांचा फॉर्म, दोन्ही कामं याच आठवड्यात उरका.